'मालिश का?' असे विचारणाऱ्यांसाठी

बोपोडीतील आमच्या विहारात दरवर्षी वर्षावासाच्या काळात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सूत्रसंचालक एकेक नाव पुकारीत होते. एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्या मुलाच्या वेळी टाळ्यांचा कडकडाट झाला. फौजदार झालेल्या मुलीच्या वेळी तर बाया उभ्या राहिल्या. मग आमच्या भाचीचे नाव आले आणि पुढे वाचले गेले, 'भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी.' सभागृहात क्षणभर शांतता पसरली. पहिल्या रांगेत बसलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते शेजाऱ्याकडे वळून बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाले, 'म्हणजे मालिश का?' लोक हसले. पोरीने पुष्पगुच्छ घेतला, वाकून भंतेजींना वंदन केले आणि खाली येऊन बसली.

त्या ज्येष्ठांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही, कारण आम्हीही तेव्हा मनातल्या मनात तेच म्हणत होतो. आमची ताई आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात हयात घालवलेले आमचे दाजी यांना आम्हीच समजावले होते, की एक वर्ष थांबा, पोरीला लातूरला ठेवा, पुन्हा नीट देऊ द्या, समाजाला डॉक्टर हवेत! वकील मामा बोलतो म्हटल्यावर घरात दुसरे कोण बोलणार? पण पोरगीच बोलली. 'मामा, मला दुसरं काही मिळालं नाही म्हणून मी हे घेत नाही. मला हेच करायचंय.'

कारण विचारले तेव्हा तिने आमच्याच आईचे नाव घेतले. आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, तेव्हा ही पोरगी शाळेत होती. रुग्णालयात एक तरुण भौतिकोपचारतज्ज्ञ रोज यायच्या आणि आईच्या हातात रिकामी वाटी द्यायच्या, ती सुटली की पुन्हा द्यायच्या. आम्ही तेव्हा डॉक्टरांच्या मागे, बिलाच्या मागे, औषधाच्या दुकानात धावत होतो. वाटीकडे आमचे लक्षच नव्हते. पोरीचे होते. आई महिन्याभराने स्वतःच्या हाताने वरण प्यायली, ते आम्ही औषधाच्या खात्यात जमा केले होते!

आता आमच्या धंद्याची गोष्ट सांगणे भाग आहे. शिवाजीनगर कोर्टात आम्ही मोटार अपघातांचे दावे चालवतो. आमच्याकडे येणारे बहुतेक पक्षकार म्हणजे बिगारी, गवंडी, रिक्षावाले, हातगाडीवाले. विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत हमखास ज्या बिलांवर बोट ठेवतात, ती भौतिकोपचाराची बिले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे व्यायामाला पैसे कशाला लागतात, आणि बिले फुगवलेली आहेत. आम्ही आवाज चढवून विरोध करायचो. पण खरे सांगायचे तर त्या उपचाराने नेमके काय होते, हे आम्हांलाही ठाऊक नव्हते.

एका गवंड्याचा दावा आम्ही चालवला. दापोडीजवळ टेम्पोने उडवले, मांडीचे हाड मोडले, प्लेट बसवली. हाड जुळले, पण गुडघा वाकेना. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात एक फार मोलाचा निवाडा दिलेला आहे. दाखल्यावर अपंगत्वाची जी टक्केवारी असते तेवढीच कमाई बुडाली, असे आंधळेपणाने धरू नका. माणूस काय काम करतो ते पाहा. डावा हात गेलेला कारकून नोकरी टिकवू शकेल, पण सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळीच कमाई जाते. हा निवाडा वाचून दाखवून आम्ही न्यायाधिकरणाला पटवले, की न वाकणाऱ्या गुडघ्याचा गवंडी परातीवर चढणार कसा? रक्कम चांगली मिळाली. आम्ही पेढे खाल्ले.

भाची तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. तिने एकच विचारले, 'मामा, त्यांचा गुडघा किती अंश वाकतो?' आमच्या फायलीत टक्केवारी होती, अंश नव्हते. मग तिने समजावून सांगितले. शस्त्रक्रियेनंतर सांधा आठवडेच्या आठवडे ताठ ठेवला की आतले आवरण चिकटते आणि मांडीचा पुढचा मोठा स्नायू झिजत जातो. सर्जनची परवानगी मिळताच पहिल्या आठवड्यांत तो वाकवायला, ताकद द्यायला सुरुवात झाली, तर अनेकांचा गुडघा परत मिळतो. वेळ गेली की अवघड. आमच्या पक्षकाराला घरी सोडताना कुणी हे सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल, पण रोज रिक्षाने जायला पैसे कुठून आणणार? आम्ही भरपाई मिळवून दिली ती खरी, पण पाय तसाच राहिला. तो माणूस आज सोसायटीत वॉचमन आहे.

त्या दिवसापासून आम्ही पोरीचे बोलणे कान देऊन ऐकू लागलो. दर रविवारी ती ताईबरोबर आमच्याकडे जेवायला येते आणि ताटावर बसली की कामाखेरीज दुसरा विषय नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडल्या की जसे दिसेल तसे एक साधन तिच्या पिशवीत असते, त्याला गोनिओमीटर म्हणतात. त्याने ती सांधे मोजते. 'आज पंचावन्न आला, मामा. बुधवारी चाळीस होता.' गुडघा साधारण नव्वद अंश वाकला की माणूस खुर्चीवरून नीट उठू लागतो; आपल्या वस्तीतल्या संडासात उकिडवे बसायचे तर त्याहून कितीतरी जास्त लागतो. पुस्तकात नव्वद अंश लिहिलेले असते, पण वस्तीतल्या बाईला नव्वद अंश पुरत नाहीत, हे तिला कॉलेजात शिकावे लागले नाही. ते ती घरून शिकून आली होती.

अर्धांगवायूच्या रोग्याबद्दल ती बोलायला लागली की थांबत नाही. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, पण उरलेला मेंदू नव्याने शिकू शकतो. मात्र शंभरदा, हजारदा तीच हालचाल करवून घ्यावी लागते. आईच्या हातातली वाटी त्यासाठी होती. शर्टाचे एक बटन लावायला एका गृहस्थांना तीन आठवडे लागले. ज्या दिवशी लागले, त्या दिवशी त्यांनी ते काढून पुन्हा लावले आणि नंतर दिवसभर घरातल्यांना दाखवत राहिले. हे सांगताना पोरीचा चेहरा पाहण्यासारखा असतो! आमच्या धंद्यात तारीख पुढे जाते, तिच्या धंद्यात माणसाचा पाय पुढे जातो. हेवा वाटतो, हे कबूल करतो.

आता वाचक म्हणतील, वकीलसाहेब भाचीचे कौतुक करण्यासाठी चळवळीच्या दैनिकाचा रकाना कशाला वापरता? त्याचे कारण सांगतो. कामात आनंद वाटणे ही खुशालचेंडूंची चैन आहे आणि आपण मात्र पोटासाठी, पदासाठी, समाजासाठी राबायचे, असा एक समज आपल्यात घर करून बसला आहे. हा समज बाबासाहेबांचा नव्हे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी जे भाषण लिहिले आणि जे होऊ दिले गेले नाही, त्यात त्यांनी जातीवर जो आर्थिक आक्षेप घेतला तो पुन्हा काढून वाचावा. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांनाच वरखाली रचून ठेवते, हे आपण भाषणांत शेकडो वेळा सांगतो. पण त्याच्या पुढचा मुद्दा आपण गाळतो. या वाटणीत माणसाच्या आवडीला, त्याच्या अंगच्या गुणाला जागाच नाही. आणि ज्या कामात ना मन ना बुद्धी, ते काम माणसाला पळ काढावेसे वाटते, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे आवडीचे काम निवडता येणे, हा बाबासाहेबांच्या लेखी मुळातलाच प्रश्न होता. तेव्हा जन्माने काम लादणाऱ्या व्यवस्थेतून सुटून आपण आपल्या पोरांवर प्रतिष्ठेच्या नावाने चारच कामे लादणार असू, म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर, वकील आणि साहेब, तर आपण नेमके काय तोडले?

दुसरे कारण याहून जवळचे आहे. भौतिकोपचार हे हात लावण्याचे काम आहे. औषध लिहून देता येते, तपासणीचा अहवाल कागदावर वाचता येतो, पण ताठलेला खांदा लांबून सोडवता येत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे, ते १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. मिनतवाऱ्या केल्यावर आला तो बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. नाडीला हात लावला नाही. ती बाई मेली. ज्यांच्या आज्या-पणज्यांना डॉक्टरचा हात मिळाला नाही, त्यांची पोर आज रोज दहा-बारा माणसांच्या अंगाला हात लावते आणि ती माणसे बरी होतात. याला 'मालिश' म्हणणाऱ्यांनी तो थर्मामीटर आठवावा.

सगळे गोड आहे असे नाही. पुण्यातील पेठेतल्या एका घरी ती आजींचा गुडघा बदलल्यानंतर व्यायामाला जात असे. दुसऱ्या दिवशी आजींनी आडनाव विचारले. पोरीने सांगितले. आजी जरा थांबल्या, मग विचारले, 'उद्या किती वाजता येशील?' पुढे दोन महिने ती जात राहिली. 'गुडघा ठणकत असला की जात आठवायला वेळ नसतो, मामा,' असे म्हणून ती हसते. पण दुसऱ्या एका घरी आडनाव कळल्यावर 'उद्यापासून येऊ नका, आम्ही दुसरी व्यवस्था केली' असा फोन आला. त्या रविवारी ती जेवली नाही. आम्ही कायद्याची कलमे आठवू लागलो, तर म्हणाली, 'राहू दे. त्या आजोबांचा हात सुटायला लागला होता. दुसऱ्या कुणी नीट केलं असलं म्हणजे झालं.' आम्हांला हे उत्तर पटले नाही, अजूनही पटत नाही. पण ते तिचे उत्तर आहे.

'मालिश' हा टोमणा केवळ आपल्याकडचाच आहे असेही नव्हे. १८९४ साली लंडनमध्ये मालिश या शब्दाला इतकी बदनामी आली होती, की चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिशकारांची संस्था काढली, परीक्षा ठेवल्या, नियम घातले. इंग्लंडात हा व्यवसाय तिथून उभा राहिला. महायुद्धांनी त्याला काम दिले, पोलिओने त्याची गरज घरोघर नेली. भारतातील पहिली भौतिकोपचार शाळा १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली, ती पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, महापालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने. देशातील शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, पण भौतिकोपचाराचे काम काही कमी झाले नाही. कोरोनाच्या काळात अतिदक्षता विभागात रोग्याला पालथे घालणे, छातीतला कफ सुटावा म्हणून व्यायाम देणे, हेही याच मंडळींनी केले.

आणि आम्हां बोपोडी-खडकीकरांना तर हे इतके लांब जाऊन शोधायचीही गरज नव्हती. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आमच्या शेजारी रेंजहिल्सला आहे. कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून खडकीत आहे. पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र त्याहून जुने, १९४४ चे. लहानपणी चाकाच्या खुर्चीतील जवान रस्त्याने जाताना आम्ही पोरे थांबून बघायचो. दाजी सांगायचे, पाहू नका, सलाम करा.

मुरलीकांत पेटकरांचे नाव आता सिनेमामुळे सर्वांना ठाऊक झाले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला. उपचाराचा भाग म्हणून पोहणे सुरू केले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याने भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. नंतर ते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. पेटकरांचे पदक सर्वांना दिसले, पण त्यांच्यासारख्या माणसाला पहिल्यांदा पाण्यात उतरवणारे हात कुणाला आठवतात?

आता मुख्य दुखण्याकडे येतो. भौतिकोपचाराची सर्वांत जास्त गरज कुणाला आहे? पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. त्यात बहुसंख्य बाया दलित. पाठीवर ओझे, कमरेत वाकून वर्गीकरण, ढकलगाडी. त्यांची कंबर कुणी कधी तपासली? मार्केट यार्डातल्या हमालाने किती वजन उचलावे, यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली ५५ किलोची मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो कष्टकऱ्यांच्या लढ्याने झाला. तरी शंभर-शंभर किलोची पोती वाहून ज्यांचे मणके झिजले, ते आज आपल्याच घरांत आजोबा म्हणून कोपऱ्यात बसले आहेत. त्यांना दुखण्याची गोळी मिळते. भौतिकोपचार मिळतो तो गाडीतून उतरून दवाखान्यात जाणाऱ्यांना.

आपल्या चळवळीलाही अंगाची फिकीर नाही. धरणे, मोर्चे, रात्रीच्या बैठका, चहा आणि मधुमेह! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेब एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर अशा अवस्थेत व्यासपीठाकडे गेले. मधुमेह आणि पायांच्या वेदनांनी त्यांना शेवटची वर्षे छळले. ते छायाचित्र आपण घरोघर लावतो, पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्याच्या पायांकडे पाहत नाही.

पालकांनी काय करावे, असे आम्हांला अनेकजण विचारतात. प्रवेश नीटच्या गुणांवरच मिळतो, तेव्हा अभ्यास चुकत नाही. भाचीच्या वेळी चार वर्षे आणि वर सहा महिने आंतरवासिता, असा अभ्यासक्रम होता. पुण्यातील बहुतेक महाविद्यालये खाजगी आहेत, फी पाहून छाती दडपते. परंतु अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे, ती घ्यावी, आणि त्यासाठी जात पडताळणीचे कागद दहावी झाल्याबरोबर हातात घ्यावेत. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही म्हणून निकाल अडवणाऱ्या एका संस्थेला आम्ही नोटीस पाठवली तेव्हा आठ दिवसांत निकाल मिळाला. घाबरायचे नाही. पदवीनंतर राज्याच्या परिषदेत नोंदणी बंधनकारक आहे, त्यासाठी २००२ चा कायदा आहे. केंद्राचाही २०२१ चा कायदा झाला. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे लपवून उपयोग नाही. आणि नावापुढे 'डॉक्टर' लावायचे की नाही, यावर वाद आहे. २०२५ च्या ९ सप्टेंबरला, जागतिक भौतिकोपचार दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने लावू नये असे पत्र काढले आणि लगेच पुढच्या दिवशी आणखी विचार करायचा म्हणून मागे घेतले! आम्ही भाचीला विचारले, तुझे मत काय? म्हणाली, 'आज्या मला पोरी म्हणतात, तेच बरं वाटतं.' वकील म्हणून आम्हांला ते मान्य नाही. हक्काची पदवी असेल तर लावली पाहिजे.

महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद असावे, सफाई कामगारांची वर्षातून एकदा कंबर-गुडघे तपासणी सक्तीची व्हावी, या मागण्यांचे निवेदन आम्ही तयार करीत आहोत. ज्या संघटनांना सही करायची असेल त्यांनी कळवावे.

तोवर रविवारी वंदनेनंतर भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी विहारात सतरंजी टाकून बसतात. 'मालिश का?' विचारणारे ते ज्येष्ठही येतात. मधुमेहवाल्यांना खांदा आखडण्याचा त्रास जास्त होतो, तसा त्यांचा उजवा खांदा आखडला आहे. जयभीम करायला हात वर जात नव्हता. पोरीने त्यांना भिंतीला तोंड करून उभे केले, बोटे भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवायला लावली आणि जिथे पोहोचली तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली. आता तिथे अकरा रेघा आहेत, एकीवर एक. विहाराचे सेक्रेटरी कुरकुरतात, की भिंत नुकतीच रंगवली होती. ज्येष्ठांनी त्यांना बजावले आहे, बाराव्या रेघेपर्यंत कुणी ब्रश लावायचा नाही.